पेटीतला कागद आणि सातबाऱ्यावरचे नाव



कृषी खात्यात माझी उभी हयात गेली. बियाणे असो, ठिबक असो की फळबाग, कोणत्याही योजनेचा अर्ज आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सातबारा आणलाय का?" हजारो सातबारे या हातांखालून गेले. पण खरे सांगायचे तर मी त्यावर दोनच गोष्टी पाहत होतो, नाव आणि क्षेत्र. सातबारा कसा वाचायचा, हे मला पुस्तकाने शिकवले नाही. आमच्याच घरच्या एका कागदाने शिकवले, आणि त्याची फी आम्हाला जबर पडली. ती हकीकत आज सांगतो. कुणाचे तरी घर त्यातून शहाणे व्हावे एवढीच इच्छा.

आमचे गाव माण नदीच्या काठचे. पाऊस बेताचा, जमीन हलकी. १९८४ साली माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, त्यांच्या चुलत भावाकडून विहिरीलगतचा सव्वा एकराचा तुकडा घेतला. त्या भावाला आम्ही तात्या म्हणत असू. गट स्वतंत्र होता, बांध सरळ होता. पैसे उभे करण्यासाठी दादांनी खिलारी बैलजोडी बाजारात नेऊन विकली, आईने पाटल्या मोडल्या. मी तेव्हा शाळकरी पोरगा होतो. दावणीची जागा रिकामी दिसली आणि मी त्या रात्री जेवलो नाही, एवढे स्पष्ट आठवते.

व्यवहार तात्यांच्या ओसरीवर झाला. दहा रुपयांच्या स्टँपवर गावातल्याच एका लिहिणाऱ्याने मजकूर लिहिला, "कायम खूष खरेदी". तात्यांनी अंगठा केला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, काकींनी सगळ्यांना चहा दिला. कुणीतरी म्हणाले, "तालुक्याला जाऊन रजिस्टर करून घ्या." दादा म्हणाले, "भाऊच तर आहे. भावाच्या शब्दाला सरकारी शिक्का कशाला?" कागद पेटीत गेला. दुसऱ्या दिवशी दादांनी त्या रानात औत घातले आणि पुढची अठ्ठावीस वर्षे ते रान आम्हीच कसले.

अर्ज परत आला

तात्या १९९९ साली गेले. दादा २००८ साली गेले. २०१२ साली माझ्या धाकट्या भावाने त्या तुकड्यावर डाळिंब लावायचे ठरवले आणि फळबाग योजनेचा अर्ज भरला. अर्ज परत आला. कारण साधे होते, त्या गटाच्या सातबाऱ्यावर आमचे नावच नव्हते. तात्यांचे नाव कमी होऊन तिथे वारसांची पाच नावे लागली होती. काकी, त्यांचे दोन मुलगे आणि दोन विवाहित मुली.

ज्या माणसाने गावोगाव फिरून लोकांचे सातबारे गोळा केले, त्याने अठरा वर्षांच्या नोकरीत स्वतःच्या घरचा सातबारा एकदाही नीट उघडून पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पेटीतला कागद घेऊन मी वकिलाकडे गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "नोंदणीचा शिक्का कुठे आहे?" शिक्का नव्हता. मग त्यांनी जे सांगितले ते असे :

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री फक्त नोंदणी केलेल्या दस्तानेच होते. नोंदणी कायदा १९०८ चा. त्यानुसार दस्तावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांत तो दुय्यम निबंधकांकडे हजर करावा लागतो. अडचणीचे कारण असेल तर दंड भरून आणखी चार महिने मिळू शकतात. त्यापुढे तो कागद नोंदता येत नाही. आणि नोंद नसलेल्या खरेदीखताने मालकी मिळत नाही. "ताबा तुमचा आहे, त्याच्या जोरावर कोर्टात भांडता येईल," वकील म्हणाले, "पण मालक तुम्ही नाही. उद्या त्या पाच जणांनी दुसऱ्याला रजिस्टर खरेदी दिली, तर तुमचा जन्म तारखांना जाईल."

घरी येऊन आईला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे बैल फुकटच गेले म्हणायचे."

सातबारा म्हणजे मालकीचा दाखला नव्हे

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे की सातबाऱ्यावर ज्याचे नाव तो मालक. हा समज अर्धाच खरा आहे.

सातबारा हा महसुलाचा उतारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र केले म्हणून सातबारा. नमुना सातमध्ये जमीन कुणाच्या नावे आहे, किती आहे, आकार किती, तिच्यावर कुणाचे काय हक्क आणि बोजे आहेत ते असते. नमुना बारामध्ये पीकपाणी असते. २०२१ पासून ही पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून नोंदवायची सोय झाली आहे. आठ-अ हा खात्याचा उतारा, एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. आणि नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही. सातबाऱ्यावर कोणते नाव कशामुळे आले आणि कशामुळे गेले, त्याची जन्मकथा तिथे असते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद ही उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात. "उलट सिद्ध होईपर्यंत" हे शब्द लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी सांगितले आहे की फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही. ती नोंद महसुलाच्या सोयीसाठी असते. मालकी येते खरेदीखताने, बक्षीसपत्राने, वाटणीने, वारसाने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने. सातबारा तिची सावली दाखवतो. सावली पाहून माणूस ओळखता येतो, पण व्यवहार माणसाशी करायचा असतो, सावलीशी नव्हे.

आमच्या घरी दोन्ही नव्हते. नोंदलेला दस्तही नाही आणि सातबाऱ्यावर नावही नाही. होता फक्त तात्यांचा शब्द, आणि तो देणारा माणूस निघून गेला होता.

जमीन घेण्याआधी माग कसा काढावा

चोराचा माग काढतात तसा जमिनीचाही माग काढावा लागतो. आजच्या पावलापासून मागे मागे जायचे. त्याची रीत अशी आहे.

पहिले पाऊल सातबाऱ्याचे. ताजा, सहीचा उतारा काढा. घेणाऱ्याने स्वतः काढावा, देणाऱ्याने दाखवलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नये. भोगवटादार वर्ग एक की दोन ते आधी पाहा. वर्ग दोनची जमीन, म्हणजे नवीन शर्तीची, वतनाची, सरकारने दिलेली, सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही वेगळे आणि कडक नियम आहेत.

"इतर अधिकार" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि आपण नेमका तोच वाचत नाही. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, वहिवाटीची वाट हे सारे तिथे असते. नावापुढे "ए.कु.मॅ." असे असेल तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे. जमीन त्याच्या एकट्याची नाही, मागे भाऊबहिणी आहेत. "अ.पा.क." असेल तर अज्ञान मुलाचा पालनकर्ता म्हणून ते नाव आहे. अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय घेऊ नये.

दुसरे पाऊल फेरफाराचे. सातबाऱ्यावर नावाशेजारी जे आकडे असतात ते फेरफाराचे नंबर. त्या प्रत्येक नंबराची नक्कल काढा आणि वाचा. वारसाची नोंद असेल तर सगळे वारस आले आहेत का ते पाहा. मुलींची नावे गाळलेली असतील तर तिथे थांबा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली बदल झाला, त्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की बदल झाला त्या दिवशी वडील हयात असणे जरूर नाही. हक्कसोड झाली असे कुणी सांगितले तर नोंदलेले हक्कसोडपत्र पाहायला मागा. "बहिणीने तोंडी सोडलाय" याला अर्थ नाही.

तिसरे पाऊल दुय्यम निबंधक कार्यालयातले. तिथल्या पुस्तक क्रमांक एकमध्ये स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंद असते. सूची क्रमांक एक ही माणसांच्या नावांवरून आणि सूची क्रमांक दोन ही मिळकतीवरून केलेली असते. ही पाहण्याचा हक्क फी भरून कुणालाही आहे, कुणाची चिठ्ठी लागत नाही. सूची दोनमध्ये दस्ताचा प्रकार, देणार-घेणार, क्षेत्र, किंमत, दस्ताची आणि नोंदणीची तारीख हे एका पानावर मिळते. अलीकडच्या वर्षांचे दस्त नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही शोधता येतात. गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला शेजारी बसवा, किंवा सेवा केंद्रात जा. जुन्या वर्षांसाठी मात्र कार्यालयातच शोध घ्यावा लागतो. बँका तीस वर्षांचा शोध मागतात. आपणही तेवढाच घ्यावा. गट होण्यापूर्वीचा सर्व्हे नंबर कोणता होता ते विचारून ठेवा, नाहीतर मागचा माग तुटतो.

हे काम वकिलाकडून करून घेतले तर तो शोध अहवाल देतो. त्याला दिलेले पैसे जड वाटतात खरे. पण बियाणे घेताना आपण पिशवीवरचे लेबल पाहतो, मग जन्माची जमीन घेताना का पाहू नये?

चौथे पाऊल रानातले. कागद घेऊन बांधावर जा. पीक कुणाचे आहे, ताबा कुणाचा आहे, वाट आहे का, शेजाऱ्याशी बांधाचा वाद आहे का, कोर्टात दावा आहे का, ते शेजाऱ्यांनाच विचारा. आमच्या त्या तुकड्याचा सातबारा वाचून कुणी परका घ्यायला आला असता आणि बांधावर आला नसता, तर तोही आमच्याइतकाच फसला असता. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि बांधातले क्षेत्र यांत पुष्कळदा फरक निघतो.

मुखत्यारपत्रावर खरेदी देतो म्हणणाऱ्यापासून चार हात दूर राहा. नुसत्या मुखत्यारपत्राने आणि साठेखताने मालकी जात नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ सालचा निकाल आहे.

खरेदी झाली, काम संपले नाही

दस्त लिहिताना गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमा स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर घरातल्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. एक आकडा चुकला की पुढे चूकदुरुस्तीचा दस्त करावा लागतो, आणि त्यासाठी देणाऱ्याला पुन्हा बोलवावे लागते. तेव्हा तो येईलच असे नाही.

नोंदणी झाल्यावर त्याची खबर आता निबंधक कार्यालयाकडून संगणकावरूनच गावच्या तलाठ्याकडे जाते. तलाठी फेरफार धरतो आणि संबंधितांना नोटिसा काढतो. हरकतीला पंधरा दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, मगच सातबाऱ्यावर नाव लागते. नोंद धरली म्हणजे मंजूर झाली असे समजू नका. नोटीस पोहोचली नाही, कागद अपुरा पडला, म्हणून नोंदी रेंगाळतात, कधी रद्दही होतात. महिनाभराने जाऊन विचारा. नोंद विरोधात गेली तर साठ दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. नुसती लेखनातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा.

वारसाचेही तसेच आहे. घरचा कर्ता गेला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवावे असा नियम आहे. आपण तेराव्याची पंगत चुकू देत नाही, पण वारस नोंद वीस वर्षे राहते. सातबाऱ्यांवर मयतांची नावे इतकी साचली की २०२५ साली सरकारला त्यासाठी "जिवंत सातबारा" नावाची मोहीम राज्यभर काढावी लागली.

आमच्या तुकड्याचे काय झाले

वकिलांच्या सल्ल्याने आम्ही कोर्टाआधी माणसांकडे गेलो. तात्यांचा थोरला मुलगा म्हणाला, "वडिलांनी काय केले ते आम्हाला माहीत नाही. आजच्या भावाने बोला." धाकटी मुलगी परगावी दिलेली. ती म्हणाली, "सातबाऱ्यावर माझे नाव आहे. माझा हिस्सा मी फुकट का सोडू?" मला त्या वेळी तिचा राग आला. आज वाटते, तिचे काय चुकले? कागदावर ती मालकीण होती. चूक तिची नव्हती, आमच्या पेटीची होती.

दीड वर्ष बोलणी चालली. दिवाळीला जाणे-येणे बंद झाले. शेवटी काकी उभ्या राहिल्या. वय झालेले, डोळ्यांनी कमी दिसत होते. चारही मुलांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "ह्याच्या बापाने बैल विकून पैसे आणले. मोजताना मी तिथे होते. चहा मी केला होता. त्या पैशातून तुझे लग्न झाले." एवढे बोलून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सही कुठे करायची ते दाखव."

२०१४ साली पाचही जणांनी नोंदणीकृत खरेदीखत करून दिले. मुलींना आणि मुलांना आम्ही समजुतीची रक्कम दिली, ती तात्यांना दिलेल्या किमतीच्या कितीतरी पट होती. मुद्रांक शुल्क १९८४ च्या भावाने नव्हे, २०१४ च्या सरकारी बाजारमूल्याने भरले. वकिलाची फी वेगळी. एक जमीन आम्ही दोनदा विकत घेतली. आणि तरीही आमचे नशीब चांगले म्हणायचे, कारण काकी हयात होत्या. त्या नसत्या तर ते पैसे मोजलेले सांगायला दुसरे कुणीही उरलेले नव्हते. दोन साक्षीदारांपैकी एक मयत, दुसरा कुठे गेला ठाऊक नाही.

दस्त करताना भावाने विचारले, "नावे कोणाची घालायची?" आई म्हणाली, "माझे घाला, तुम्हा दोघांचे घाला आणि ताईचे घाला. पाटल्या मोडल्या त्या तिच्या लग्नासाठीच ठेवल्या होत्या." म्हणून आज त्या सातबाऱ्यावर चार नावे आहेत, आणि त्यात माझ्या थोरल्या बहिणीचेही आहे.

नोंद प्रमाणित होऊन उतारा हातात आला त्या दिवशी आईने तो देवापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिले. मग मला म्हणाली, "तू रोज लोकांना सातबारा मागतोस ना? नुसता मागू नकोस. वाचून दाखवत जा." त्यानंतर मी ते करत आलो आहे. ठिबकच्या अर्जासोबत उतारा आला की मी शेतकऱ्याला समोर बसवून इतर अधिकाराचा रकाना मोठ्याने वाचतो. दहांतल्या दोघा-तिघांना आपल्याच जमिनीवरची एखादी नोंद प्रथमच कळते. कर्ज फिटलेले असते पण बोजा तसाच असतो, आजोबा जाऊन पंचवीस वर्षे झालेली असतात पण नाव तसेच असते.

या आठवड्यात एवढे करा

आपल्या प्रत्येक गटाचा सातबारा आणि आठ-अ काढा. नाव, क्षेत्र, वर्ग, इतर अधिकार घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. बाईमाणसांनाही बसवा, कारण वेळ त्यांच्यावरच येते. मयताचे नाव असेल तर वारसाचा अर्ज द्या. फिटलेल्या कर्जाचा दाखला घेऊन बोजा कमी करून घ्या. आणि पेटी उघडा. त्यात स्टँपवर लिहिलेला, शिक्का नसलेला एखादा कागद असेल, तर देणारा माणूस हयात आहे तोवर त्याच्याकडे जा. रागाने जाऊ नका, दोन केळी घेऊन जा. त्याला म्हणा, "आपले नाते चांगले आहे तोवर नवा कागद करून नोंदवून घेऊ."

भावाच्या शब्दाला शिक्का कशाला, असे दादा म्हणाले होते. भावाचा शब्द खराच होता, तो कधी फिरला नाही. पण माणूस गेला की त्याचा शब्दही त्याच्याबरोबर जातो आणि मागच्यांनी तो ऐकलेला नसतो. त्यांच्यासाठी कागद नोंदवायचा असतो.